स्तोत्र ५१ : आधी भग्न हृदय, मग पुन्हा गोऱ्हे?

तळ्याकाठी

राखेच्या बुधवारी, म्हणजे आमच्या उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, चर्चमध्ये संध्याकाळच्या मिस्साला (उपासनेला) गेले होते. आम्ही वसईकडचे. गेल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी घरी आणलेल्या झावळ्या सुकल्या की देवळात परत द्यायच्या. त्या जाळून राख करतात आणि फादर तीच कपाळाला लावतात. लहानपणी ती पुसली जाऊ नये म्हणून आम्ही भावंडं रात्री उताणी झोपायचो.

त्या दिवशी पहिलं वाचन योएल संदेष्ट्याचं असतं, ‘वस्त्रं नव्हे, हृदयं फाडा’ हे. मग बायबलमधलं स्तोत्र ५१. दावीद राजाने बथशेबेशी प्रकरण केलं, तिच्या नवऱ्याला लढाईत पुढे उभं करून मारवलं आणि नाथान संदेष्ट्याने ते त्याच्या तोंडावर सांगितलं, त्या वेळचं हे स्तोत्र, असं त्याच्या मथळ्यातच लिहिलं आहे. मिस्सात त्यातल्या निवडक ओळी म्हणतात. यंदा घरी आल्यावर पुस्तक उघडून सगळं वाचलं. ‘तुला यज्ञ आवडत नाही, नाहीतर मी तो केला असता, देवाचा यज्ञ म्हणजे भग्न आत्मा’ हे मला धर्मशिक्षणाच्या वर्गापासून पाठ आहे. पण त्यापुढे आणखी दोन ओळी आहेत, त्या मी आजवर नीट वाचल्याच नव्हत्या. सियोनेचं भलं कर, यरुशलेमेचे कोट बांध, मग होमबली (वेदीवर पूर्ण जाळायची जनावरं) तुला आवडतील, मग लोक तुझ्या वेदीवर गोऱ्हे अर्पण करतील!

योएल पुन्हा काढला. तिथेही तसंच. १३व्या ओवीत हृदय फाडा, आणि लगेच १४व्या ओवीत आशा काय, तर देव वळेल आणि मागे आशीर्वाद ठेवून जाईल. कोणता आशीर्वाद? अन्नबली आणि पेयार्पण, म्हणजे पुन्हा वेदीवर वाहायचं धान्य आणि द्राक्षारसच.

बाहेरचं खोटं आणि आतलं खरं, असं मी आयुष्यभर प्रवचनांतून ऐकत आले. मग या ओळींचं काय करायचं? जाणकारांनी सांगावं. मला खरंच समजून घ्यायचं आहे.

अक्षरओळ

ताई, त्या शेवटच्या दोन ओळी नंतर जोडलेल्या असाव्यात असं पुष्कळ अभ्यासक मानतात. दावीदाच्या काळात यरुशलेमेचे कोट पडलेले नव्हते. ते बाबेलच्या सैन्याने इ.स.पू. ५८६च्या सुमारास पाडले आणि मंदिर जाळलं. म्हणजे बाबेलात हद्दपारीत बसलेला कोणीतरी हे जुनं स्तोत्र म्हणतो आहे. त्याच्याकडे वेदी नाही, गोऱ्हा नाही. फक्त भग्न हृदय उरलं आहे आणि देव तेही नाकारत नाही, हा त्याचा आधार. पण त्याला घरी जायचं आहे, मंदिर पुन्हा उभं राहिलेलं बघायचं आहे. म्हणून त्याने शेवट जोडला.

‘जोडलं’ म्हणजे ‘बिघडवलं’ असं मात्र मी म्हणणार नाही. ज्याने जोडलं त्यालाही वरची ओळ पाठच होती आणि त्याने ती खोडली नाही.

आणखी एक. होशेय संदेष्ट्याचं ६:६ सगळ्यांना ठाऊक असतं, ‘मला दया पाहिजे, यज्ञ नको.’ येशूने ते मत्तयाच्या शुभवर्तमानात दोनदा सांगितलं आहे. पण होशेयाच्या ओळीचा दुसरा अर्धा भाग असा आहे की होमबलींपेक्षा देवाची ओळख हवी. पहिल्या अर्ध्यात ‘नको’, दुसऱ्यात ‘पेक्षा’. हिब्रू काव्यात दोन्ही अर्धे एकमेकांना समजावून सांगतात. दोन्ही मिळून वाचलं तर ‘यज्ञ बंद करा’ असा अर्थ निघत नाही. आधी काय आणि मग काय, हा क्रम तिथे लागतो.

चिंचबन

मी ख्रिस्ती नाही, पण बायबल आवडीने वाचतो. मला संदेष्टे जवळचे वाटतात आणि लेवीय हे यज्ञांच्या नियमांचं पुस्तक वाचवत नाही. नुसतं रक्त, चरबी, गुर्दे. संदेष्ट्यांनी हे सगळं झुगारलं आणि माणसाला थेट देवासमोर उभं केलं, असंच मला वाटतं. यिर्मया संदेष्ट्याच्या ७:२२ मध्ये तर देव स्वतः सांगतो की तुमच्या पूर्वजांना मिसरातून (इजिप्तमधून) काढलं तेव्हा मी होमबलींविषयी त्यांच्याशी बोललोच नव्हतो. आणखी काय स्पष्ट हवं? मनात भाव असला तर वेदी कशाला लागते?

सातबारा

चिंचबन, लेवीय एकदा शेतकऱ्याच्या डोळ्यांनी वाचून बघा. मी नगरकडचा, घरी जनावरं आहेत, म्हणून मला ते वेगळं दिसतं.

होमबली देणारा माणूस जनावर स्वतः घेऊन यायचा. स्वतःचा हात त्याच्या डोक्यावर ठेवायचा. कापायचंही त्यानेच, याजकाचं (वेदीवरच्या पुजाऱ्याचं) काम रक्तापासून पुढे. ज्याने वासरू वाढवलंय, ज्याला त्याची खोड माहीत आहे, त्याने त्याच्या डोक्यावर हात ठेवायचा, हे मला कोरडं कर्मकांड वाटत नाही. आमच्या गोठ्यातली गाय विकली तेव्हा वडील दोन दिवस जेवले नव्हते.

आता पाचवा अध्याय बघा. पापबलीसाठी मेंढी किंवा शेळी आणायची. ऐपत नसेल तर दोन पारवे. तेही जमत नसेल तर एफा या धान्याच्या मापाचा दहावा भाग सपीठ, म्हणजे साधारण दोन-सव्वादोन लिटरच्या मापाचं. त्यावर तेल नको, ऊदही नको. गरिबाला वेदीपाशी येता यावं म्हणून नियमच खाली वाकला आहे.

आणि सहावा अध्याय तर मला सगळ्यांत मोठा वाटतो. शेजाऱ्याची ठेव दाबली, लुबाडलं, सापडलेली वस्तू लपवून खोटी शपथ घेतली, तर आधी ती वस्तू पुरी परत करायची, वर तिचा पाचवा हिस्सा घालायचा, आणि त्याच दिवशी दोषबलीचा मेंढा आणायचा. ज्याचं घेतलं त्याला न देता सरळ देवाकडे जायची वाटच ठेवलेली नाही. ‘वेदीपाशी अर्पण आणलं आणि भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे हे आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर’ असं येशू म्हणतो तेव्हा तो लेवीयच्या बाजूनेच बोलतो. समेट केल्यावर परत येऊन अर्पण दे, असंही त्याच वाक्यात आहे. ते शेवटचे शब्द आपण सांगताना गाळतो.

अक्षरओळ

सातबारा, फार छान मांडलंत. चिंचबन यांनी म्हटलेली ‘संदेष्टे विरुद्ध याजक’ ही मांडणी १९व्या शतकातल्या जर्मन प्रोटेस्टंट विद्वानांनी पक्की केली. १८७८ मध्ये वेलहाउझनने असं मांडलं की संदेष्ट्यांचा धर्म आधीचा आणि जिवंत, याजकांचे सविस्तर नियम नंतरचे. ग्रंथ कधी लिहिले गेले याबद्दलचं त्याचं पुष्कळसं काम आजही उपयोगी आहे. पण ‘नंतरचं म्हणजे उतरणीचं’ हा त्याचा कल आता बरेच अभ्यासक मान्य करत नाहीत. यहेज्केल तर संदेष्टाही होता आणि याजकही.

दर्यासारंग

मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातला मराठी यहूदी. आजोळ अलिबागकडचं, आता इस्राएलात अश्दोदला असतो. हा धागा बघून राहवलं नाही.

आधी एक शब्द सांगतो. अर्पणाला हिब्रूत ‘कोर्बान’ म्हणतात. त्याचा धातू ‘जवळ येणं’ असा. यज्ञ, बळी या शब्दांनी जे चित्र डोळ्यांपुढे येतं ते त्यात नाही. कोर्बान म्हणजे जवळ जायला हातात घेतलेली वस्तू. मराठीत आपण ‘कुर्बानी’ म्हणतो तो शब्द अरबीतून आला, पण कूळ एकच.

‘यहूद्यांचा धर्म नुसता बाहेरचा, आतला भाव नंतर आला’ हे मी शाळेपासून ऐकलं आहे आणि दरवेळी मनाला लागलं आहे. चिंचबन तसं म्हणाले नाहीत, पण चर्चा हळूहळू तिकडे सरकते म्हणून आधीच लिहितो. यशया, आमोस, होशेय, मीखा हे संदेष्टे आमच्याच घरातले. घरातल्या माणसाने घरच्यांना बोललेलं आहे ते.

मिश्ना या आमच्या जुन्या नियमग्रंथात पारव्यांची एक हकीकत आहे. यरुशलेमेत पारव्यांच्या जोडीचा भाव सोन्याच्या दिनारावर गेला. बाळंतपणानंतर गरीब बाईला हीच जोडी द्यावी लागायची. रब्बान (थोर गुरू) शिमोन बेन गमलियेल म्हणाले, या मंदिराची शपथ, भाव उतरेपर्यंत आज रात्री मी झोपणार नाही. ते न्यायसभेत गेले आणि शिकवलं की पाच बाळंतपणं झालेल्या बाईने एकच जोडी द्यावी, बाकीचं देणं तिच्यावर नाही. त्याच दिवशी भाव पाव चांदीच्या दिनारावर आला. यात बाहेरचं कोणतं आणि आतलं कोणतं, मला वेगळं काढता येत नाही. लूकच्या शुभवर्तमानात येशूचे आईवडील मंदिरात येतात तेव्हा त्यांच्या हातात हीच गरिबाची जोडी आहे, हे इथल्या ख्रिस्ती मंडळींना सांगायला नको.

इ.स. ७० मध्ये रोमनांनी यरुशलेमेत पुन्हा उभारलेलं मंदिरही जाळलं. त्या ओसाड जागेकडे बघून रब्बी येहोशुआ रडले, आपल्या पापांची क्षमा जिथे व्हायची तीच जागा गेली म्हणून. रब्बान योहानान बेन जक्काय त्यांना म्हणाले, बाळा, दुःख करू नको, तशीच दुसरी एक वाट आपल्यापाशी आहे, दयेची कृत्यं. आणि त्यांनी आधार दिला तो वर अक्षरओळ यांनी दिलेल्या होशेय ६:६ चाच. येशूने वापरलेली ओळ, तेच शतक. पण आमच्या प्रार्थनांच्या वेळा आजही त्या जुन्या रोजच्या अर्पणांच्या वेळांना धरून आहेत.

कोकणात आमच्याकडे मलिदा करतात. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, सुकामेवा, भोवती फळं मांडायची, एलियाहू संदेष्ट्याचं गाणं म्हणायचं. नवस फिटला, लग्न ठरलं, नवं घर घेतलं की मलिदा. अलिबागजवळ खंडाळ्याला एलियाहूच्या रथाची खूण खडकावर आहे असं आमचे लोक मानतात, तिथेही नेतात. हा काही यज्ञ नाही, मंदिराबाहेर यज्ञ होतच नाही. पण माझी आजी ताट लावताना म्हणायची, हे आपलं अन्नबलीचं आठवण-ताट. तिच्या हाताला खोबऱ्याचा वास असायचा आणि ताट पुरं होईपर्यंत ती कोणाशी बोलायची नाही.

चिंचबन

दर्यासारंगदादा, मनापासून आभार. माझं वाक्य तुम्हाला लागलं असेल तर माफ करा. पारव्यांची गोष्ट मला माहीत नव्हती.

तरी एक प्रश्न उरतो. आमोस इतका कडक का बोलतो? ‘तुमच्या सणांचा मला द्वेष आहे, तिटकारा आहे. तुमच्या गाण्यांचा गोंगाट दूर करा.’ ही काही क्रम लावण्याची भाषा नाही.

दुपारचं ऊन

आमोसबद्दल मी लिहिते. मला धर्मशास्त्र येत नाही, पण हे पुस्तक माझ्या आईमुळे माझ्या आयुष्यात आलं.

आई एका मोठ्या घरी स्वयंपाक करायची. नाव-गाव सांगत नाही. मी आठवीत होते. त्या वर्षी त्यांनी तिचा तीन महिन्यांचा पगार थकवला, ‘पुढच्या महिन्यात एकदम देतो’ म्हणून. त्याच दिवसांत त्यांच्याकडे मोठा धार्मिक सोहळा झाला. चारशे पान उठलं. आईने पहाटे चारपासून चूल सांभाळली. देणगीचा आकडा माइकवरून जाहीर झाला, टाळ्या झाल्या. आई मागच्या दारी कढई घासत होती, हे मी स्वतः पाहिलं आहे. माझी फी त्या तिमाहीत भरली गेली नाही.

पुढे कॉलेजात एका मैत्रिणीने बायबल दिलं आणि मी आमोसचा दुसरा अध्याय वाचला. आठवी ओवी. ‘प्रत्येक वेदीजवळ ते गहाण घेतलेल्या वस्त्रांवर पसरतात.’ मला आधी कळेना, यात एवढं काय? मग बायबलमधल्याच निर्गम या पुस्तकाचा २२वा अध्याय सापडला. गरिबाचं पांघरूण गहाण घेतलंस तर सूर्य मावळायच्या आत परत कर, कारण त्याच्या अंगावर घ्यायला तेवढंच आहे, तो कशात झोपेल? तो गाऱ्हाणं करील तर मी ऐकेन.

आता परत वेदी बघा. रात्र झालेली आहे, सण चालू आहे, आणि वेदीशेजारी देवाच्या नावाने जेवणारी माणसं कुणाच्या तरी एकुलत्या एक पांघरुणावर लोळत आहेत. ज्याचं ते आहे तो कुठेतरी उघडा पडला आहे. वेदी खोटी आहे असं आमोस म्हणत नाही. वेदीपाशी काय अंथरलंय ते बघ, असं तो म्हणतो. म्हणून त्याला गाण्यांचा तिटकारा.

आठव्या अध्यायात तो आणखी जवळ जातो. अमावास्या कधी संपेल म्हणजे आम्ही धान्य विकू, शब्बाथ (विसाव्याचा दिवस) कधी सरेल म्हणजे कोठारं उघडू, धान्याचा एफा लहान करू, पैसे तोलायचा शेकेल मोठा करू, गव्हाचं भूससुद्धा विकू. सण पाळतात, दुकान बंद ठेवतात, सगळं शास्त्रशुद्ध. आणि मनात माप मारायचा हिशेब.

चिंचबन, तुम्ही विचारलंत मनात भाव असला तर वेदी कशाला. मला वाटतं त्या घरच्यांच्या मनात भाव होता. आरतीच्या वेळी त्यांच्या डोळ्यांत पाणी असायचं, ते खोटं नव्हतं. आमोसने ‘गाणी नकोत’ म्हटल्यावर पुढे ‘त्याऐवजी डोळ्यांत पाणी आणा’ असं म्हटलेलं नाही. तो म्हणतो, न्याय पाण्यासारखा वाहू द्या.

सातबारा

ताई, तुमचं वाचून बराच वेळ काही लिहवलं नाही.

आमोस स्वतः तकोव्याचा गुराखी, उंबराची फळं गोळा करणारा. बेथेलचा याजक अमस्या त्याला सांगतो, निघ इथून, यहूदात जा, तिथे भाकर खा, हे राजाचं पवित्रस्थान आहे. देवाचं म्हणत नाही तो, राजाचं म्हणतो.

मलाखी संदेष्टा मात्र या चर्चेत हवा, नाहीतर एक बाजू सुटते. तो उलटीकडून रागावतो. तुम्ही आंधळं, लंगडं, आजारी जनावर वेदीवर आणता. तेच आपल्या सुभेदाराला नेऊन द्या बरं, तो खूश होईल का? आमच्याकडे कापणीनंतरच्या उपकारस्तुतीच्या सणाला लोक चर्चमध्ये धान्य, कोंबडी, अंडी, भाजी घेऊन येतात. माझी आजी ज्वारी आणायच्या आधी सुपात घेऊन तीनदा पाखडायची. मी म्हणायचो, लिलावात तर जाणार आहे, कोण बघतंय? ती पाखडत राहायची. आतला भाव तिच्याकडे वेगळा ठेवलेला नव्हता, तो सुपातच होता.

तळ्याकाठी

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन दिवस हाच धागा डोक्यात आहे.

दुपारचं ऊन, तुमचं वाचल्यावर मार्कच्या शुभवर्तमानाचा १२वा अध्याय काढला. विधवेच्या दोन टोल्या, म्हणजे अगदी छोटी नाणी. मंदिरात तुतारीच्या तोंडाच्या १३ दानपेट्या होत्या, त्यांतल्या एकीत तिने आपली सगळी उपजीविका टाकली. आमच्याकडे या वाचनावर दरवेळी प्रवचन होतं ते असं की बघा, तिचं मन किती मोठं. ते खरंच आहे. पण त्याच्या आधीची ओवी आजवर मी जोडून वाचली नव्हती. येशू शास्त्र्यांविषयी म्हणतो, ते विधवांची घरं गिळतात आणि ढोंगाने लांबलचक प्रार्थना करतात. आणि लगेच एक विधवा येते, जिच्याकडे दोन टोल्याच उरल्या आहेत. बाकीचं कुठे गेलं? त्यापुढच्याच अध्यायात तो मंदिराच्या दगडांकडे बघून म्हणतो की इथे दगडावर दगड राहणार नाही. तो तिची थोरवी सांगतो आहे की तिच्यासाठी हळहळतो आहे? मला आता दोन्ही ऐकू येतं.

‘कुर्बान’ शब्दही मार्कमध्येच आहे, ७व्या अध्यायात. आईबापांना द्यायचं ते ‘देवाला वाहिलं’ म्हणून सांगायचं आणि हात झटकायचे. दर्यासारंगदादांनी सांगितलेला ‘जवळ येणं’ हा अर्थ कळल्यावर ते जास्तच टोचलं. जवळ जायचा शब्द आईबापांना दूर ठेवायला वापरला.

पुढच्या राखेच्या बुधवारी स्तोत्र ५१ मी घरी शेवटपर्यंत म्हणणार, गोऱ्ह्यांसकट.

अक्षरओळ

दुपारचं ऊन यांच्यासाठी एक गोष्ट.

१९६० मध्ये इस्राएलच्या किनाऱ्यावर, याव्ने-याम या प्राचीन बंदराच्या दक्षिणेला, एका जुन्या गढीच्या उत्खननात दरवाजाजवळच्या पहारेकऱ्यांच्या खोलीत शाईने लिहिलेलं खापर सापडलं. तुकड्यातुकड्यांत होतं, जोडून वाचलं. इ.स.पू. ७व्या शतकाच्या शेवटाचं, म्हणजे आमोसनंतर सव्वाशे-दीडशे वर्षांनी. एका कापणी करणाऱ्या मजुराचा तो अर्ज आहे. धन्याने दासाचं ऐकावं. तुझ्या दासाने कापणी केली, माप घातलं, कोठार भरलं. मग होशयाहू बेन शोबय आला आणि त्याने तुझ्या दासाचं वस्त्र नेलं. माझ्याबरोबर उन्हात कापणी करणारे माझे सगळे भाऊ साक्ष देतील. मी निर्दोष आहे, माझं वस्त्र परत कर.

याला बहुधा स्वतः लिहिता येत नव्हतं, कोणा लेखनिकाला त्याने सांगितलं असावं. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा येते त्यात. वस्त्र, वस्त्र, वस्त्र.

दुपारचं ऊन

अक्षरओळ, काल रात्री आईला हे सगळं वाचून दाखवलं. आमोसही आणि खापरही. ती आता ७१ वर्षांची आहे, गुडघ्यांमुळे फार हिंडत नाही. ‘उन्हात कापणी करणारे माझे भाऊ’ इथे तिने मला थांबवलं आणि ते पुन्हा वाचायला लावलं.

मग तिने विचारलं, मिळालं का त्याला परत?

मला माहीत नव्हतं, म्हणून इथे विचारते.

अक्षरओळ

खापराच्या शेवटच्या ओळी फुटून गेल्या आहेत. निकाल काय लागला त्याची नोंद कुठेच नाही. आईंना माझा नमस्कार सांगा.